त्यानं पुसलेला पिक्चर

माझ्या बाबांना हलताना-बोलताना दाखवणारी एकच कॅसेट या जगात होती आणि ती माझ्या सगळ्यात जवळच्या मित्रानं पुसून टाकली. जाणूनबुजून पुसली. हे आधीच सांगून टाकतो, कारण भिलाईत कितीतरी वर्षं ज्यानं ज्यानं ही गोष्ट सांगितली, त्यानं त्यात 'चुकून' हा शब्द घातला. तो शब्द ऐकला की आजही माझी कानशिलं तापतात.

आम्ही कॅम्प-१ या कामगारांच्या वस्तीत राहायचो. बाबा भंडाऱ्याकडचे, धानाच्या शेतीवाल्या घरातले. भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकऱ्या निघाल्या तेव्हा गावातल्या चार पोरांसोबत आले आणि रोलिंग मिलमध्ये क्रेनवर लागले. शिफ्टभर उंचावरच्या त्या केबिनमध्ये एकटे बसायचे. खाली लालभडक लोखंड धावायचं आणि वर बाबा. बोलायला कोणी नाही. घरी आले तरी बोलणं कमीच. पण गावात असताना ते दंडारीत काम करायचे. दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावजत्रेत, रात्र-रात्र नाच-गाणं-सोंग चालायचं, त्यात बाबा बाईचं सोंग घ्यायचे. मायच सांगायची, "यायचं सोंग पाहूनच मी लग्नाले हो म्हटलं." भिलाईला आल्यावर ते सगळं सुटलं. दाढी करताना कधी आरशापुढे एखादी लावणी गुणगुणायचे, आम्ही पाहतोय असं दिसलं की थांबायचे.

मित्र सेक्टर दहाचा, ऑफिसर लोकांच्या वस्तीतला. त्याचे वडील नागपूरचे, प्लांटमध्ये मोठे ऑफिसर. बंगल्याभोवती मेंदीचं कुंपण, गुलाबाची रोपं, आणि घरात इतकी शांतता की चमचा ताटाला लागला तरी दचकायला व्हायचं. त्याचे वडील पेपर समोर धरून जेवत. कॉलेजात आमची ओळख झाली ती मराठीमुळे. वर्गात सगळे हिंदी बोलणारे, आम्ही दोघंच मागच्या बाकावर मराठीत कुजबुजायचो. एक दिवस मी त्याला घरी आणलं. मायनं लाखोरीच्या डाळीची भजी केली होती. तो चुलीजवळ फतकल मारून बसला आणि गरम-गरम खात राहिला. दुसऱ्या दिवशी न बोलावता आला. मग रोजच.

मला तेव्हा बरं वाटायचं. ऑफिसरचा मुलगा आपल्या घरी जमिनीवर बसतो, माझ्या मायला "काकू, अजून एक द्या न" म्हणतो, याची थोडी ऐट पण होती. हळूहळू त्यानं आमची बोली उचलली. घरी तो 'मला-तुला' बोलायचा, आमच्याकडे 'मले-तुले'. मी घेतला तसाच शर्ट त्यानं घेतला. मी केस मागे वळवले, त्यानं वळवले. वर्गातल्या दुसऱ्या एका मुलासोबत मी दुर्गला मॅच पाहायला गेलो, तर चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी सायकल आडवी लावून उभा.

"मले कावून नाही सांगतलं?"

"अबे, मॅच तर होती."

"मॅच असो की मय्यत असो. मले सांगूनच जायचं."

मी हसलो. प्रेम म्हणतात ते हेच असावं असं वाटलं.

पुढे त्याच्या मामानं आखातातून त्याच्यासाठी व्हिडिओ कॅमेरा आणला. खांद्यावर घ्यायचा, जड, आत मोठी कॅसेट टाकायची. सेक्टर दहातल्या लोकांनी त्याला वाढदिवसांना बोलावणं सुरू केलं, पण त्याच्या डोक्यात वेगळंच होतं. "आपण पिक्चर काढू," तो म्हणाला. "तू लिही, मी घेतो."

मी लिहिलं. एकाच गावचे दोन मित्र कामाला भिलाईत येतात. एकाला नोकरी लागते, दुसऱ्याला नाही. दुसरा पहिल्याच्याच घरी राहतो, खातो, आणि आतल्या आत जळत जातो. शेवटी तो मित्राची नोकरी घालवतो, घर फोडतो आणि निघून जातो. पुष्कळ वर्षांनी दोघं म्हातारे होऊन समोरासमोर येतात. आमच्या ओळखीतली मंडळीच नट होती. नोकरी गेलेल्या म्हाताऱ्याचं काम कोणी करायचं, हे ठरेना. तेव्हा मित्रच म्हणाला, "काका."

बाबांनी आधी झटकून टाकलं. "मले नाही जमत आता. आवाज गेला माहा."

माय आतून म्हणाली, "आरशापुढं तर चांगला राह्यते आवाज."

भिलाईलगतच्या कुरुदला तेव्हा शेतंच शेतं होती. तिथल्या तळ्याच्या पाळीवर आम्ही तो शेवटचा सीन घेतला. सुट्टीचा दिवस, टळटळीत ऊन. समोर भिलाईतल्या आमच्या मराठी मंडळाचे एक वयस्क क्लार्क दगाबाज मित्र बनून उभे. मी बाबांसाठी अख्खं पानभर बोलणं लिहिलं होतं: तू असं केलंस, तू तसं केलंस, माझं आयुष्य धुळीला मिळवलंस. बाबांनी ते पाठही केलं होतं. कॅमेरा सुरू झाला. बाबा पाळीवरून चालत आले, त्या माणसासमोर थांबले, बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी हात उचलला. आम्हाला वाटलं, मारतात. त्यांनी त्याच्या खांद्यावरची धूळ झटकली आणि म्हणाले, "जेवला का गा?"

एवढंच. पानभर लिहिलेलं सगळं राहिलं बाजूला. समोरच्या क्लार्कला पुढचं बोलणं सुचेना, तो खराच रडायला लागला. मित्र कॅमेऱ्यामागे उभा होता आणि त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं.

त्या दिवसापासून त्याचं वेगळंच सुरू झालं. "काकांना मी शोधलं," तो सगळीकडे सांगायचा. मी घरी नसताना येऊन बाबांपाशी बसायचा. बाबांची सकाळची ए-शिफ्ट सुटायच्या वेळी गेटवर स्कूटर घेऊन उभा राहायचा. "तू कशाला त्रास घेतो, मी आणतो त्यायले." बाबा संकोचायचे, पण बसायचे मागे. मी एकदा म्हटलं, "माझे बाबा आहेत ते बे." त्यानं ते गमतीत घेतलं असं वाटलं. त्यानं गमतीत घेतलं नव्हतं.

गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये पिक्चर दाखवला. भाड्यानं आणलेला मोठा टीव्ही स्टेजवर ठेवला, लोक खुर्च्या पुढे ओढून बसले. कुरुदच्या सीनला हॉलमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही, आणि संपल्यावर टाळ्या थांबेनात. सेक्रेटरींनी बाबांना स्टेजवर ओढलं. हातात माईक दिला. बाबा घामाघूम. शेवटी म्हणाले, "माह्या पोरानं लिवलं, म्या बोललो." आणि खाली उतरले.

मित्र व्हीसीआरपाशी वायर गुंडाळत होता. माझी नजर त्याच्याकडे गेली, तर त्याचे हात थांबलेले होते. मी जवळ जाऊन त्याच्या पाठीवर थाप मारली. "कमाल केली बे आपण!" तो हसला. "हो न," म्हणाला.

कॅसेट त्याच्याकडेच राहिली. एकच होती. दुसरी काढायची तर दोन व्हीसीआर जोडावे लागत. मी पुष्कळदा म्हटलं, एक कॉपी काढून दे. "करून देतो न. व्हीसीआरचं हेड खराब आहे, साफ करतो आधी." मी मान डोलावली. शंका यावी असं काही नव्हतंच.

ती थंडी सरता-सरता बाबा आजारी पडले. आधी ताप, मग छाती. दवाखान्यात भरती केलं. मित्र तिथे माझ्यापेक्षा जास्त बसला. मी दमून घरी जायचो, तो बसून असायचा. संत्र्याची साल, बिया, वरचा पांढरा पापुद्रा काढून बाबांना एकेक फोड भरवायचा. तिथेच त्यानं त्यांना काका सोडून 'बाबा' म्हणायला सुरुवात केली. नर्सला वाटायचं, दोन मुलगे आहेत.

एक दिवस माझ्यासमोर बाबा त्याला म्हणाले, "तो पिक्चर दाखव न एकदा पुन्हा. त्या दिवशी मले धड पाह्यता नाही आला. लाजच वाटून राह्यली होती."

तो म्हणाला, "हो बाबा. तुम्ही घरी चला, मग लावतो. रोज लावतो."

बाबा खूश झाले. तोंडभर हसले. ते हसणं मला आठवतं आणि त्याच्या हातातली संत्र्याची फोड आठवते. मग मला बसवत नाही, मी उठून फिरायला लागतो. कारण त्या वेळी पिक्चर पुसून झालेला होता. त्याला ते माहीत होतं. माहीत असून तो मरणाऱ्या माणसाला 'रोज लावतो' म्हणाला.

बाबा घरी आले नाहीत.

तेरवी झाल्यावर माय म्हणाली, "बाबू, ते कॅसेट आण न. एकदा पाह्यतो त्यायले." मी मित्राला निरोप दिला. उत्तर आलं, व्हीसीआर बिघडला आहे. मग, मामा कॅसेट घेऊन गेला. मग, शोधून ठेवतो. त्याचं आमच्याकडे येणंही कमी झालं. मायच म्हणायची, "त्यालेबी लागलं असन. लय जीव लावत होता."

एका दुपारी मी सरळ सेक्टर दहाला गेलो. तो घरी नव्हता. त्याची आई मायाळू बाई, मला पाहून तिचे डोळे भरले. "अरे, ती कॅसेट तर इथंच आहे," म्हणत तिनं शोकेसमधून काढली. पाठीवर माझ्याच अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली. तिनंच ती व्हीसीआरमध्ये सरकवली.

पडद्यावर एक मुलगी हिरव्या शालूत पाटावर बसलेली. बाया ओटी भरत होत्या. कोणी लाडू भरवत होतं, मागे सनई लावलेली. मला वाटलं, आधी हे असेल, मग पिक्चर. पुढे सरकवलं. तीच मुलगी, तेच लाडू. अजून पुढे. पंगत.

तेवढ्यात तो दारात आला. टीव्हीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"नागपूरच्या चुलतताईचा साखरपुडा."

"पिक्चर कुठं आहे?"

त्यानं पुढे होऊन टीव्ही बंद केला.

"चुकून झालं का बे?" मी विचारलं. खरं तर मी त्याला वाट काढून दिली होती. तो नुसता 'हो' म्हणाला असता तर मी विश्वास ठेवला असता. रडलो असतो, त्यालाही जवळ घेतलं असतं.

"नाही," तो म्हणाला.

"कधी पुसलं?"

"गणपतीनंतरच्या दसऱ्याला."

त्याची आई "काय रे हे?" म्हणत उभी राहिली. तो तिच्याकडे न बघता माझ्यावर ओरडला, "कॅमेरा माझा! कॅसेट माझी! कुरुदच्या उन्हात तासन्‌तास मी उभा होतो. काकांना आणलं मी. आणि त्यांनी माझं नाव तरी घेतलं का? माह्या पोरानं लिवलं, म्हणे! तुझे तर ते रोजचेच होते. सकाळी उठला की होते. मला एक नाव द्यायला काय झालं होतं त्यांना?"

"आणि दवाखान्यात 'रोज लावतो' म्हणालास ते?"

"सांगणार होतो. हिंमत नाही झाली."

मी त्याच्या कानाखाली मारली. हाताला झिणझिण्या येईपर्यंत मारत राहिलो. त्याची आई मध्ये पडली, "नको रे, नको रे" म्हणत माझा हात धरून लटकली, म्हणून थांबलो. त्यानं एकदाही हात उचलला नाही. तेही मला त्याचं ढोंगच वाटलं. कॅसेट काढून घेतली आणि सायकलवर कॅम्पात आलो. रस्ता दिसत नव्हता.

मायला सांगितलं. तिला पटेचना. म्हणाली, "कुठंतरी असन. थोडासा तरी असन." मी कॅम्पातल्या दुकानातून टीव्ही-व्हीसीआर भाड्यानं आणला. ती टीव्हीसमोर पदर सावरून बसली आणि परक्या मुलीचा साखरपुडा पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. मी पुढे सरकवू म्हटलं तर हात धरला. "ते निसटून जाईन," म्हणाली. ओटी, लाडू, पंगत, आहेर, सगळं पाहिलं. शेवटी पडद्यावर मुंग्या आल्या आणि अचानक पाणी दिसलं. कुरुदचं तळं. पाळीवर एक म्हैस. आणि कॅमेऱ्यामागून त्याचा आवाज, "काका, रेडी?" त्यापुढे काहीच नाही.

माय वाकून टीव्हीच्या मागे बघितल्यासारखं करत होती. मग म्हणाली, "त्याचाच आवाज राह्यला."

आणि मग सुरू झाले शहाणे लोक. मंडळाच्या वडीलधाऱ्यांनी दोघांना बोलावून समझोता करायचं ठरवलं. मी गेलो नाही, तर ते घरी आले. "अरे, कॅसेटच तर होती." "पोरगा रडून-रडून अर्धा झाला, ऑफिसरचा मुलगा असून तुमच्याकडे किती जीव लावला त्यानं." एक जण तर माझ्या मायला म्हणाला, की आत्मा अमर असतो, चित्राचा मोह कशाला. त्याच्या घरच्या भिंतीवर त्याच्या बापाचा हार घातलेला फोटो होता, मी पाहिलेला. मी त्याला दार दाखवलं. तेव्हापासून मंडळात मी तापट ठरलो. ज्यानं पुसलं तो हळवा, आणि ज्याचं पुसलं तो तापट.

तो मुंबईला गेला. टीव्हीच्या मालिकांमध्ये कॅमेरा धरू लागला, पुढे स्वतः काहीबाही काढायला लागला. मी प्लांटमध्ये लागलो, लग्न झालं. मधली वर्षं मी त्याचं नाव घरात घेऊ दिलं नाही.

मग एका गणपतीत मंडळानं त्यालाच प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं. माय म्हणाली, "जाऊ आपण. कावून लपायचं? आपण काय केलं?" आम्ही पुढच्याच रांगेत बसलो.

त्यानं भाषणाला सुरुवात केली आणि मी ऐकतच राहिलो. या हॉलमध्ये माझा पहिला पिक्चर दाखवला गेला, म्हणाला. भंडाऱ्याकडच्या झाडीपट्टीतला एक थोर कलावंत मला क्रेनच्या केबिनमध्ये सापडला. ते मला बाबांसारखे होते. त्यांनी कुरुदच्या तळ्यावर काय केलं, ते सांगतो. आणि त्यानं बाबांचं 'जेवला का गा?' तिथे उभ्या-उभ्या, बाबांच्या आवाजात म्हणून दाखवलं. हात उचलून, धूळ झटकून. बाया डोळे पुसायला लागल्या.

मी उभा राहिलो. "पिक्चर कुठं हाये, ते सांग!"

सेक्रेटरी धावत आले, "बसा हो, सणाचा दिवस आहे." मी बसलो नाही. त्यानं माईक दोन्ही हातांनी धरला, मान खाली घातली आणि म्हणाला, "पुसला. मी पुसला. जळलो होतो मी. आयुष्यभर त्याची शिक्षा भोगतो आहे." आवाज फुटला, रडला.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या बापाला पुसल्याचं कबूल केलं म्हणून उभं राहून टाळ्या वाजवल्या! शेजारचे गृहस्थ माझ्या दंडाला धरून म्हणाले, "मोठं मन लागतं याला. आता तरी हात मिळवा." मी त्यांचा हात असा झटकला की ते खुर्चीवर आदळले.

तो खाली उतरून मायसमोर आला आणि पाया पडायला वाकला. मायनं पाय उचलून खुर्चीखाली मागे घेतले. त्याचा हात जमिनीवरच राहिला. माय कोणाशी कधी चढ्या आवाजात बोलली नव्हती, त्या दिवशीही नाही.

"तू तवाच सांगतलं असतं," ती म्हणाली, "तर ते पुन्हा तळ्यावर आले असते. गणपतीच्या टायमाले चांगले हिंडून-फिरून राह्यले होते. एक दिवसाचं तर काम होतं."

तो वाकलेलाच. मी मायकडे बघत राहिलो. इतकी वर्षं मी पुसल्याचा राग धरून होतो, आणि हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. सगळा हिवाळा समोर होता. बाबा धडधाकट होते, कॅमेरा होता, तळं होतं. तोंड उघडायचं होतं फक्त.

"चाल, घरी," माय म्हणाली. आम्ही आरतीला थांबलो नाही.

माय आता नाही. त्याचा अधूनमधून फोन येतो. माझ्या सुनेला वाटतं, या म्हाताऱ्यानं एकदा त्याच्याशी बोलावं. मी आवाज ओळखतो आणि फोन ठेवून देतो.